तिघांचा व्हिसा

रोहिणी भिंगारदिवे आयर्लंडला गेली ही आमच्या हॉस्पिटलात आता जुनी बातमी झाली. तरी ती कशी गेली हे विचारायला नव्या पोरी अजून माझ्याकडं येतात. कुणी म्हणतं तिला एजंट चांगला मिळाला, कुणी म्हणतं तिचं नशीब. मी नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. रोहिणीनं माझ्याबरोबर बरीच वर्षं काढली आणि या सगळ्या धावपळीत मी अनेकदा तिच्या शेजारी बसलेली होते. म्हणून जे झालं ते सांगते.

तिचं सासर राहुरीच्या पुढं, मुळा नदीच्या काठावर. तिथून ती रोज एसटीनं नगरला यायची. घरात सासरे, कारभारी त्यांचं नाव, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. सासू सुमनबाई. नवरा महेंद्र, त्याचं राहुरीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या गावांतले शेतकरी ती टेम्पोत टाकून महेंद्रकडं आणायचे आणि चालू होईपर्यंत तिथंच बसून राहायचे.

आणि घरात होती संस्कृती.

संस्कृती महेंद्रच्या थोरल्या भावाची मुलगी. तो भाऊ, सहादेव, नगर-मनमाड रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. तिची आई माधुरी अगदी तरुण होती. कारभारींनी स्वतः स्थळ शोधून सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडच्या एका गावात. भावकीत लोक नाकं मुरडत होते. कारभारी कुणाला काही बोलले नाहीत, जेवणावळीला मात्र सगळ्यांना बोलावलं. एकच गोष्ट त्यांना जमली नाही. नव्या घरानं मुलगी नको म्हणून सांगितलं. रोहिणी तेव्हा नवी नवरी होती. घरात आल्या आल्या तिच्या कडेवर हे लेकरू आलं ते उतरलंच नाही.

संस्कृती रोहिणीला मम्मी म्हणायची आणि माधुरीला आई. महेंद्र पप्पा. घरात त्याचा कुणाला गोंधळ वाटत नव्हता. रोहिणीला स्वतःचं मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. त्यावर ती फारसं बोलायची नाही. शाळेत पालकसभा असली की मात्र माझ्याकडं ड्यूटी बदलून मागायची, आणि ते मागणं नाही म्हणण्यासारखं नसायचं.

परदेशाचं खूळ तिच्या डोक्यात पैशानं घातलं नाही. आमच्याकडं केरळची एक मुलगी होती, ती आयर्लंडला गेली. तिनं एकदा रोहिणीला फोनवर सांगितलं की तिकडं आयसीयूत एका पेशंटला एक नर्स असते. आमच्याकडं त्या आठवड्यात एकेका नर्सकडं तीन-तीन व्हेंटिलेटर होते. रोहिणी त्या दिवशी डबा खाता खाता म्हणाली, "सिस्टर, एका माणसाकडं नीट बघता आलं तर कसं वाटत असेल हो?" मी हसले. ती हसली नाही.

सावेडीतल्या एका एजंटकडं आम्ही गेलो ते त्यानंतर. महेंद्र, ती आणि मी. एजंटच्या भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे लावलेले. त्यानं पहिल्याच झटक्याला यूकेचं नाव काढलं.

"केअर व्हिसा. तुमच्यासारख्यांना लगेच काम."

"केअर म्हणजे नर्सचं काम?" रोहिणीनं विचारलं.

"नर्सचं नाही, केअर असिस्टंट. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, भरवायचं. एकदा पोचलात की पुढचं पुढं."

"त्या कामाला कमी लेखत नाही मी," रोहिणी म्हणाली, "पण मी नर्स आहे. आणि घरचे? त्यांना नेता येतं?"

एजंटनं खुर्ची जरा मागं सरकवली. "त्या व्हिसावर आता नवरा-मुलं नेता येत नाहीत. नियम बदललाय. तुम्ही आधी जा, मग बघू. मुलं किती?"

"एक मुलगी. माझ्या दिरांची आहे. ते नाहीत आता. आम्हीच वाढवली."

"म्हणजे कागदावर तुमची नाही." तो लगेच पुढं झुकला. "मग दोन रस्ते. एक तर आजी-आजोबांकडं ठेवा. नाहीतर जन्मदाखला नवा करून घ्या, तुमच्या नावाचा. करून देणारे आहेत. कोण बघतंय?"

रोहिणी उठली. महेंद्रनं आपल्या खिशातल्या चष्म्यावर हात ठेवला आणि तोही उठला. दारापर्यंत गेल्यावर ती मागं वळून म्हणाली, "तिच्या दाखल्यावर तिच्या बापाचं नाव आहे. ते खोडायला मी तिला वाढवली नाही."

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. ग्लास खाली ठेवता ठेवता महेंद्र म्हणाला, "आपणच शोधू."

आणि तिनं खरंच शोधलं. एसटीत बसायला जागा मिळाली की ती मोबाईलवर त्या त्या देशाच्या सरकारी वेबसाइट वाचायची. लोकांचे व्हिडिओ बघायची नाही, सरळ नियमच वाचायची, आणि अडलेला शब्द मला येऊन विचारायची. मला तरी कुठं येत होता! मग आम्ही दोघी मिळून शोधायचो. जर्मनीला आधी भाषा शिकायची, मग पदवी मान्य करून घ्यायची, आणि घरच्यांना बोलवायचं तर तिथं घर नि पगार दाखवायचा. जमण्यासारखं होतं, पण वेळ फार जाणार होता. आखातात कुटुंब नेता येईल का ते हुद्द्यावर आणि पगारावर. आयर्लंडचं तिला पटलं. तिथं रजिस्टर्ड नर्स ही कमी पडणाऱ्या कामांच्या यादीत होती. त्या कामासाठी मिळणाऱ्या परमिटवर नवऱ्याला आणि मुलांना पाठोपाठ अर्ज करता येत होता, आणि तिथं गेल्यावर नवऱ्याला वेगळं परमिट न काढता नोकरीही करता येत होती. फक्त पहिले काही आठवडे तिला एकटीनं जाऊन तिथल्या हॉस्पिटलात काम करून दाखवावं लागणार होतं.

"म्हणजे मी कोण?" महेंद्रनं विचारलं.

"तुम्ही डिपेंडंट."

"म्हणजे काय?"

"माझ्यावर अवलंबून."

"मग नवीन काय त्यात?" असं म्हणून तो जेवायला बसला. हे मला सुमनबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

इंग्रजीच्या परीक्षेत ती पहिल्यांदा लिहिण्यात अडकली. पेशंटची सगळी माहिती एका पत्रात डॉक्टरला लिहायची असते, आणि हिला काहीच गाळवत नव्हतं. दुसऱ्या वेळेला मी तिला सांगितलं, "राउंडला डॉक्टर घाईत असतात तेव्हा तू तोंडी जेवढं सांगतेस तेवढंच लिही." पास झाली. मग व्हिडिओ कॉलवर मुलाखत. गॉल्वे नावाचं शहर, त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलानं तिला घेतलं. त्या दिवशी आमच्या वॉर्डात पेढे आले आणि भिंतीपलीकडून एका बऱ्या होत आलेल्या आजोबांनी, मला का नाही, म्हणून ओरडा केला.

आता राहिला संस्कृतीचा प्रश्न. नियम स्पष्ट होता. मुलगी स्वतःची हवी किंवा कायद्यानं दत्तक हवी. वाढवली एवढं पुरत नव्हतं.

त्या संध्याकाळी कारभारींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. "तुमी दोघं जा," ते म्हणाले. "पोरगी ऱ्हाईल आमच्यापाशी. आमी काय आजच चाललो न्हाई. वर्सातून एकदा येत जा."

सुमनबाईंना पोरगी हवी होती, आणि पोरीचं भलंही हवं होतं.

रोहिणी सासऱ्यांना मामा म्हणायची. ती म्हणाली, "मामा, तुम्ही माधुरीताईंना पाठवलंत तेव्हा या लेकराला एकदा मागं ठेवावं लागलं. तेव्हा इलाज नव्हता. आता आहे. ती दुसऱ्यांदा मागं राहायची नाही. ती नाही तर मीही नाही."

कारभारींनी टोपी काढून तिची घडी केली. मग म्हणाले, "काय काय करावं लागंल ते सांग."

करायचं होतं ते असं. नात्यातलं मूल दत्तक घ्यायचं तर सरकारच्या पोर्टलवर नोंदणी, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून घराची चौकशी, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. त्याआधी मुलीची जन्मदाती आई हयात असेल तर तिची संमती. आणि मुलगी कळत्या वयाची असल्यामुळं तिची स्वतःचीही. वाटेत असंही निघालं की महेंद्र-रोहिणीच्या लग्नाचीच नोंद कुठं नव्हती. विहारात, भंतेजींसमोर, अख्ख्या गावादेखत लागलेलं लग्न. नोंदवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेही ग्रामपंचायतीत जाऊन उरकलं. ग्रामसेवकानं नवरा-नवरीचा फोटो मागितला तेव्हा महेंद्र नवा शर्ट घालून आला.

माधुरीकडं आम्ही तिघी गेलो, रोहिणी, सुमनबाई आणि मी. संस्कृतीला मुद्दाम नेलं नाही. अकोल्यापर्यंत एसटी, पुढं जीप. भातं पिवळी पडायला आली होती. माधुरीचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला, दारात तिचा चार-पाच वर्षांचा मुलगा करण खेळत होता. तिनं आम्हाला पाणी दिलं, सासूच्या पाया पडली, चहा टाकला. रोहिणीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

माधुरीचा चेहरा बघता बघता बदलला. "म्हंजी मी सही करायची, का ती माझी न्हाई?"

"तसं नाही ताई..."

"तसंच हाय. मी तिला दिली न्हाई, रोहिणी. ठिवली हुती. ठिवणं आन् देणं येगळं असतं. तवा मला कुनी इचारलं न्हाई. आता कागद घिऊन आलाय."

सुमनबाई मध्ये काही बोलायला गेल्या. रोहिणीनं त्यांच्या हातावर हात ठेवून थांबवलं. चहा आम्ही प्यायलो. निघताना माधुरी दारापर्यंत आली नाही. जीपमध्ये सुमनबाई म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? तिचं काहीच चुकलं न्हाई."

रोहिणीला मी त्यानंतर प्रथमच कामात चुकताना बघितलं. साधी गोष्ट, औषधाची ट्रॉली चुकीच्या बेडकडं नेली आणि स्वतःच थांबली. तिकडून गॉल्वेच्या हॉस्पिटलनं रुजू व्हायची तारीख विचारली होती. हॉस्पिटलच्या वतीनं नर्स भरती करणाऱ्या कंपनीतली मुलगी कोचीहून रोज मेसेज करायची की ही बॅच चुकली तर पुढचं सांगता येत नाही. रोहिणीनं थेट हॉस्पिटललाच मेल लिहिला. मला वाचून दाखवला. त्यात एवढंच होतं की मुलीच्या दत्तकाचं काम चालू आहे, ते झाल्याशिवाय मी येऊ शकत नाही, तुम्ही थांबू शकत असाल तर मला आनंद होईल. "आणि नाही थांबले तर?" मी विचारलं. "तर मी इथं आहेच की तुमच्याकडं," ती म्हणाली.

उत्तर दोन दिवसांत आलं. नर्सिंग विभागाच्या बाईंनी लिहिलं होतं की उन्हाळ्याच्या तोंडावर दुसरी बॅच आहे, तुमचं नाव त्यात घातलंय, आधी मुलीचं काम नीट पार पाडा. रोहिणीनं तो मेल मराठीत करून महेंद्रला पाठवला, त्यानं दुकानात बसलेल्या शेतकऱ्यांना वाचून दाखवला. त्यातल्या एकानं विचारलं, "म्हंजी सायब बाई हाय का तिकडं?" "व्हय." "तरीच," तो म्हणाला.

हे सगळं संस्कृतीपासून लपवलेलं नव्हतं. ती सहावीत होती आणि घरातलं सगळं तिच्या कानावर जायचं. एक दिवस तीच म्हणाली, "मी दिवाळीच्या सुट्टीत आईकडं जाऊन राहते."

ती याआधी माधुरीकडं कधी मुक्कामाला गेली नव्हती. माधुरी वर्षातून एखाद्या वेळी येऊन भेटून जायची, तेवढंच.

"कशाला?" महेंद्रनं विचारलं.

"मला करणला बघायचंय. आणि आईला."

रोहिणीनं तिचे कपडे भरले. मला नंतर म्हणाली, "सिस्टर, मी भरत होते आणि मनात म्हणत होते, ही तिथंच राहते म्हणाली तर? मग मी काय कागद घेऊन भांडणार? तिची आई आहे ती. आणि मग वाटलं, तिला तिथंच राहावंसं वाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं. विमानतळावर कळण्यापेक्षा." महेंद्र मुलीला मोटारसायकलवरून माधुरीच्या गावाला सोडून आला. त्या सुट्टीत रोहिणीनं जादा ड्यूट्या मागून घेतल्या. मी दिल्या.

सुट्टी संपायला आली तेव्हा राहुरीच्या स्टँडवर एसटीतून संस्कृती उतरली. तिच्या मागून माधुरी उतरली. आणि माधुरीच्या मागून तिचा नवरा, ज्ञानेश्वर, करणला खांद्यावर घेऊन. महेंद्र न्यायला आला होता. एकट्या मुलीसाठी आणलेली मोटारसायकल तशीच उभी करून त्यानं रिक्षा केली.

त्या दुपारी भिंगारदिव्यांच्या घरात सगळे एका पंगतीला जेवले. जेवण झाल्यावर माधुरीनं सासूसमोरच सांगितलं. "मला वाटलं हुतं पोरगी माझ्यावं रागावलेली आसंल. ती चार दिवस करणसंगं खेळली, माझ्यासंगं शेतात आली. मंग एक दिवस इचारलं, आई, तू मला सोडून गेलीस तवा रडलीस का? मी म्हनलं, लई. ती म्हनली, मग झालं तर. आन् मंग मला सांगाया लागली, मम्मी अशी करती, पप्पा असं करत्यात, मम्मीची परीक्षा, मम्मीचा दवाखाना. येकदा सुरू झाली ती थांबंना." माधुरीनं डोळे पुसले, पण ती रडत नव्हती, हसत होती. "मंग मला कळलं, ही माझ्याकून परवानगी मागाया आलीय. मोठ्या मानसागत."

मग ज्ञानेश्वर म्हणाला, "तवा माझ्या घरच्यांनी पोरगी नको म्हनून सांगितलं. मीबी गप ऱ्हायलो. ते बरं केलं न्हाई. आता आडवं यायचा आमाला हक्क न्हाई."

"हक्काचं सोडा," रोहिणी म्हणाली. "ताई, मला एक वचन हवंय. ती तिकडं गेली तरी तुम्ही तिला फोन करायचा. दर आठवड्याला. तिनं नाही केला तर तुम्ही करायचा."

"त्यासाठी सही कशाला लागती?" माधुरी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी नगरला येऊन अधिकाऱ्यांसमोर संमती देऊन गेली.

बाल संरक्षण कक्षातल्या मॅडम घर बघायला आल्या तेव्हा सुमनबाईंनी पोहे, शिरा, भजी असं सगळं एकदमच मांडलं. मॅडमनी पोरीचं अभ्यासाचं टेबल बघितलं, शाळेत चौकशी केली, शेजारी-पाजारी विचारलं. जाता जाता सुमनबाईंना म्हणाल्या, "आजी, नात एवढ्या लांब जाणार. तुमचं कसं?"

"आमचं काय? आमी हाय तिथंच हाय. तुमी तिचं बघा," सुमनबाई म्हणाल्या, आणि मॅडमच्या पिशवीत उरलेली भजी बांधून दिली. मॅडमनी ती परत काढून ठेवली आणि हात जोडले.

जिल्हाधिकारी कार्यालयात सुनावणी होती त्या दिवशी मी रजा टाकून गेले. आत फक्त महेंद्र, रोहिणी, माधुरी आणि संस्कृती. मी बाहेर बाकावर कारभारींच्या शेजारी बसले होते. आत काय झालं ते रोहिणीनं सांगितलं. साहेबांनी कागद बघितले, माधुरीला विचारलं, महेंद्रला विचारलं. मग संस्कृतीला जवळ बोलावून म्हणाले, "बाळ, तुला या दोघांकडं राहायला आवडेल का?"

संस्कृती म्हणाली, "सर, मी राहतेच त्यांच्याकडं. पहिल्यापासून. तुम्ही फक्त लिहून द्या."

साहेब हसले, शेजारचे क्लार्क हसले. मग साहेबांनी विचारलं, "आणि तिकडं जाऊन काय करणार?"

"आधी थंडी बघणार."

थोड्या दिवसांनी आदेश घ्यायला आम्ही सगळे पुन्हा तिथंच गेलो, मी आणि कारभारी बाहेर त्याच बाकावर. दारातून सगळे बाहेर आले तेव्हा कारभारी उठून उभे राहिले, आणि मला वाटलं ते नातीला जवळ घेतील. त्यांनी आधी माधुरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग रोहिणीच्या. संस्कृती म्हणाली, "आणि माझ्या?" तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. त्या आवारातच आम्ही सगळ्यांनी कुल्फी खाल्ली, ऐन दुपारी, उन्हात, ओघळत. कारभारींच्या सदऱ्यावर डाग पडला आणि सुमनबाईंनी त्यांना त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही.

रोहिणी मे महिन्यात गेली. मुंबईच्या विमानतळावर आमच्या वॉर्डातल्या चार जणी पोचवायला गेलो होतो. पहिले आठवडे तिचे कठीण गेले. औषधांची नावं तीच, पण बोलण्याचा हेल वेगळा. पेशंट फोनवर बोलल्यासारखे भराभरा बोलायचे. पण एका पेशंटजवळ पूर्ण वेळ उभं राहणं म्हणजे काय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिनं मला फोन केला आणि सांगितलं की एका मच्छीमार बाबांचे तिनं सावकाश केस विंचरले, आणि कुणी तिला हाक मारली नाही. "केस विंचरले, सिस्टर! ड्यूटीवर!" तिच्या कामाचा अहवाल उत्तम आला. तिथल्या नर्सिंग मंडळाकडं तिची नोंद झाली, परमिट आलं, आणि त्याच आठवड्यात महेंद्रनं आपला आणि संस्कृतीचा अर्ज केला. दत्तकाचा आदेश त्यात सगळ्यात वर लावला होता.

गावात चर्चा झालीच. हॉटेलात बसणाऱ्यांपैकी भिमाजी म्हणून एक जण आहे, तो म्हणाला, "महेंद्रा, बायकूच्या व्हिसावर चाललास म्हनं!"

"व्हय. तिच्याच," महेंद्र म्हणाला. "माझ्या व्हिसावर कुठं जाता येतंय का बघितलं हुतं. शेजारच्या राहुरी फॅक्टरीपत्तूर जाता येत हुतं."

हॉटेलभर हशा पिकला. भिमाजीही हसला, आणि पुढं त्यानंच महेंद्रचं दुकान चालवायला घेतलं. आता जळालेल्या मोटारी तो बघतो. अडलं की व्हिडिओ कॉल करतो आणि महेंद्र तिकडून सांगतो कुठली तार कुठं.

दोघांचेही व्हिसा एकाच दिवशी आले. निघायच्या आदल्या दिवशी विहारात सगळ्या घरानं वंदना घेतली. माधुरी, ज्ञानेश्वर, करण सगळे आले होते. माधुरीनं लेकीसाठी उन्हात वाळवलेले भातवडे बांधून आणले होते आणि तळायचे कसे ते महेंद्रला दोनदा समजावून सांगितलं, कारण रोहिणीवर तिचा त्या बाबतीत भरवसा नव्हता.

डब्लिनच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर बाईंनी कागद चाळले आणि संस्कृतीला विचारलं, "तू इथं कुणाकडं आलीस?" तिनं शाळेत शिकलेल्या इंग्रजीत सांगितलं, "माझी मम्मी नर्स आहे." बाईंनी पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "मग तू आम्हाला हवीच आहेस." हे महेंद्रनं मला सांगितलं. त्याला इंग्रजी फार कळत नाही, पण हे वाक्य त्यानं पाठ केलं होतं, जसंच्या तसं.

बाहेर रोहिणी उभी होती. ती दोघांना एकदम मिठीत घेऊ शकली नाही, कारण सामान फार होतं. मग महेंद्रनं बॅगा सोडून दिल्या.

आता त्यांना गॉल्वेत काही महिने झाले. महेंद्र आधी एका गोदामात लागला, हल्ली एका पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे. संस्कृतीच्या शाळेत अजून तीन भारतीय मुली आहेत, पण तिची खास मैत्रीण पोलंडची. माधुरीचा फोन दर रविवारी जातो. कारभारी आणि सुमनबाईंचे पासपोर्ट निघाले आहेत. पुढच्या उन्हाळ्यात ते बघायला जाणार. सुमनबाई मला विचारत होत्या, विमानात चपला काढाव्या लागतात का.

मागच्या रविवारी रोहिणीनं मला समुद्राच्या काठावरून व्हिडिओ कॉल केला. वारा इतका होता की तिचं बोलणं तुटत होतं. तिघं फिरायला निघाले होते. ती मला तिची नवी ड्यूटी सांगत होती, एवढ्यात महेंद्रची लोकरी टोपी उडाली आणि वाऱ्यानं ती रस्त्यावरून पळवत नेली. संस्कृती पुढं, "अगं धर, धर!" करत महेंद्र मागं, आणि फोन हातात घेऊन रोहिणीही धावायला लागली. मला नुसतं आभाळ दिसत होतं, मध्येच बूट, मध्येच समुद्र, आणि तिघांचं हसणं ऐकू येत होतं. टोपी सापडली की नाही ते काही मला कळलं नाही.